कोपरा फाटलेलं कार्ड

बायांच्या साक्षरता वर्गाची परीक्षा घ्यायला येणाऱ्या साहेबांनी निरोपातच बजावलं होतं, परीक्षेला अंकलिपी चालणार नाही. मागच्या गावी एका बाईने धडा घडाघडा म्हणून दाखवला आणि पुस्तक उलटं धरलं होतं. म्हणून आता प्रत्येकीने घरून एखादा कागद आणायचा आणि तो सगळ्यांसमोर वाचायचा.

"घरी कागद कुठी हाये, मास्तर?" गुणाबाई म्हणाली. "माह्या घरी तं चूल पेटवाले बी कागद नाई."

"लग्नाची पत्रिका आण. काई बी आण," गुणवंतराव म्हणाले.

गावातलं वाचनालय म्हणजे चावडीमागची एक खोली, दोन कपाटं आणि गुणवंतराव. टपालाची थैलीही तिथेच उतरायची, आणि आलेलं कार्ड ज्याचं त्याला वाचून दाखवायचं कामही त्यांचंच. बायांसाठी दुपारचा फुकट वर्ग त्यांनी मोठ्या हौसेने काढला, पण एक बाई फिरकेल तर शपथ. वर्ग मंजूर व्हायला बारा नावं लागत होती. शेवटी त्यांनी आपली बायको भागीरथा आधी बसवली. तिच्यामागून अकरा जणी आल्या.

भागीरथा ही त्यांची पाटाची बायको. तिचा पहिला नवरा लटारू चांद्याकडे कोळशाच्या खाणीवर गेला होता. पाच वर्षांमागे तिकडून कार्ड आलं. तिच्या हाती पडलं ते कोपरा फाटलेलं. कोपरा फाटला म्हणजे माणूस गेला. एवढं तर अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येतं. गुणवंतरावांनी अंगणातच उभं राहून सांगितलं, खाणीचं छत कोसळलं, लटारू गेला. मग हळूच म्हणाले, "असं कार्ड घरात ठेवू नोको, बाई. वैनगंगेत सोडून ये."

ती नदीवर गेली. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. कार्ड मात्र हातातून सुटेना. लुगड्याच्या ओच्यात घालून तिने ते परत आणलं. वर्षाच्या आत गुणवंतरावांशी पाट लागला, तेव्हा कार्डही तिच्यासोबत नव्या घरात आलं आणि कोंड्याच्या मडक्यात जाऊन बसलं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. मेल्या नवऱ्याचं कार्ड नव्या नवऱ्याच्या घरात लपवलं, हे कळलं असतं तर गावाने तिला सुखाने जगू दिलं असतं का?

तिला एवढंच पाहायचं होतं, जाताना लटारूने आपलं नाव काढलं होतं का. कोणाकडून वाचून घ्यायची सोय नव्हती. म्हणून ती शिकली, आणि अशी शिकली की मास्तर गावभर सांगत फिरायचे.

सुटी अक्षरं लवकर जमली. जोडाक्षरांपाशी गाडी अडली. मग तिने अडलेला शब्द घरी पाटीवर जसाच्या तसा उतरवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी वर्गात ती पाटी पुढे करायची.

"हे काय हाये, मास्तर?" वर्गात तीही त्यांना मास्तरच म्हणे.

"दवाखान्यात," गुणवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाटीवर होतं, "गुडघ्यापासून."

"असे शब्द कुठून आणून राह्यली तू?"

"अशेच. डोक्यात येतेत."

"मास्तरीण व्हाचं हाये तिले," गुणाबाई म्हणाली. बाया हसल्या, गुणवंतरावही हसले. तिसऱ्या दिवशी तिने "पोळ्यापर्यंत" आणला. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून तो तीनदा म्हणून घेतला, रफार डोक्यावर कसा बसतो तेही समजावलं. शिकवण्यात माणूस कसर ठेवत नव्हता, हे मात्र खरं.

त्या संध्याकाळी भागीरथा कोंड्याच्या मडक्यापाशी बसून राहिली. चुलीवर भात करपला.

"काऊन, काय झालं?" गुणवंतरावांनी दारातून विचारलं.

"अभ्यास करून राह्यली."

"परीक्षेले काय वाचशीन?"

"हाये एक कागद."

"मले दाखव. चुका काढून देतो."

"नोको," ती म्हणाली. "तिथीच आयका."

परीक्षेच्या दिवशी वाचनालयापुढे मांडव घातला होता. खुर्च्या दोनच मिळाल्या. एकीवर साहेब बसले, दुसरीवर गुणवंतराव. गुणाबाईने लग्नपत्रिका वाचता वाचता नवरी सोडून नवरदेवाच्या मामाचंच लग्न लावून टाकलं. साहेब पोट धरून हसले. मग भागीरथेचं नाव आलं.

तिने पदराखालून कार्ड काढलं. फाटका कोपरा दिसताच पुढच्या बाया मागे सरकल्या. गुणवंतराव खुर्चीवरून अर्धे उठले.

"ते नोको. ते अशुभ हाये. दुसरं वाच."

"बसा हो, मास्तर," साहेब म्हणाले. "शिकल्यासवरल्यावरही असले समज धरून बसायचं म्हणजे कठीण आहे. वाचा बाई. चांगलं मोठ्याने वाचा, मागपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

गुणवंतराव बसले. भागीरथेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. एकाही जोडाक्षरावर ती अडली नाही.

"भागीरथेस आशीर्वाद. खाणीत माझा उजवा पाय गेला, गुडघ्यापासून कापला. जीव वाचला. दवाखान्यात आहे, मला येता येत नाही. तू ये. पोळ्यापर्यंत वाट पाहीन. नाही आलीस तर लंगडा नवरा नको झाला असं समजेन आणि पुन्हा कधी बोलावणार नाही. हे कार्ड गुणवंतराव तुला वाचून दाखवतील आणि मोटारीतही बसवून देतील. माणूस भरवशाचा आहे."