आबांची संगीन

डॉक्टर जयवंतांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढले, एकेक बोट नीट ताणून चढवले आणि मगच संगीन हातात घेतली. दादरला त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि जुनी हत्यारं जमवायचा नाद होता. घोडपदेवच्या चाळीत, मीराबाईंच्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसून त्यांनी ती संगीन नाकाशी नेली आणि मुठीचं लाकूड डोळे मिटून हुंगलं.

ओट्याशी चहा गाळणाऱ्या मीराबाईंनी मान फिरवली.

संगीन त्यांच्या वडिलांची, रामजींची. बर्माच्या लढाईतून आबांनी ती आणली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि ते गिरणीत कामाला लागले. ती बाहेर काढायचं घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं. परवा मीराबाईंच्या मुलाने, अजितने, तिचा फोटो मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि रविवारी सकाळी डॉक्टर ती विकत घ्यायला हजर झाले.

डॉक्टरांचं बोलणं मऊ होतं. वस्तू अस्सल आहे म्हणाले, म्यानसुद्धा मूळचं आहे. पण अशा संगिनी त्या काळी ढिगाने बनल्या, त्यांच्या कपाटातही तशा काही पडून होत्या. हिच्यामागे एखादी हकीकत असली तर मात्र गोष्ट वेगळी.

"वापरली गेलीय का ही?" त्यांनी हळूच विचारलं.

अजित जणू याचीच वाट पाहत होता. आजोबांनी एका टेकडीवर तीन जपानी लोळवले, असं त्याने ठोकून दिलं. चहाचे कप पुढ्यात येईपर्यंत तिघांचे पाच झाले होते. मग उठून त्याने संगीन हवेत खुपसून दाखवली. डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं आणि जरासं वळवलं. असं नाही, असं, म्हणजे अंगातून लवकर सुटते, म्हणाले. दोघंही हसले.

शेजारपाजारच्यांसमोर सुद्धा मीराबाई मुलाला कधी खोटं पाडत नसत. आज त्यांना राहवलं नाही.

टेकडी नव्हती आणि पाचही नव्हते, असं त्या म्हणाल्या. आबा परळच्या इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होते, तेव्हा एकदाच त्यांनी लेकीला जवळ बसवून सांगितलं होतं. जपान्यांची तेव्हा पळापळ चालली होती. रस्त्याच्या कडेला एक पोरगा झाडाखाली पडला होता. हगवणीने पार गळालेला, उठून बसायचीही ताकद नव्हती, जवळ बंदूक नव्हती. साहेब आबांना म्हणाला, याच्यावर गोळी वाया घालवू नकोस.

"त्या पोराने पातं दोन्ही हातांनी धरलं," मीराबाई म्हणाल्या. "ओढत नव्हता, ढकलत नव्हता. नुसतं धरून होता. आबांना त्याच्या छातीवर पाय ठेवून सोडवावी लागली."

मीराबाईंना वाटलं, आता तरी हा माणूस संगीन खाली ठेवेल.

डॉक्टरांनी ती उजेडाकडे धरली. पात्याच्या मधल्या लांब खोबणीवरून त्यांनी हातमोजा चढवलेलं बोट मुठीपासून टोकापर्यंत सावकाश फिरवलं. डोळे चमकत होते. असं काही इतक्या वर्षांत हाती लागलं नव्हतं, म्हणाले. मग फोन काढून त्यांनी मीराबाईंना विनंती केली, अगदी अदबीने, की मावशी, हेच पुन्हा एकदा सांगाल का, मी रेकॉर्ड करतो. घाई करू नका, म्हणाले.

मीराबाईंनी नकारार्थी मान हलवली. अजित त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. लहानपणी गोष्ट मागायचा, त्याच आवाजात म्हणाला, "सांग ना आई. त्या हातांचं सांग."

त्या उठून ओट्याशी गेल्या. मग अजितनेच सांगितलं. फोनकडे बघून, कुठे थांबायचं ते बरोबर ओळखून, त्याने ते छान सांगितलं. पोरगा पाणी मागत होता, हे त्याने मनानेच घातलं. शेवटी आपलेच दोन्ही तळवे पात्याभोवती धरून दाखवले, आणि तेव्हा त्याला खरोखरच रडू आलं. मीराबाईंच्या मनात आलं, आबांनी इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही, ते आपण या दोघांच्या पुढ्यात ओतलं. पलीकडे डॉक्टर बशीत बिस्किट बुडवून खात होते.

निघताना डॉक्टरांनी अजितच्या हातात पैसे ठेवले आणि संगीन मऊ कापडात गुंडाळली, बाळाला गुंडाळावं तशी. दारात थांबून त्यांनी विचारलं, त्या पोराचं नाव वगैरे काही कळलं होतं का? कपाटात खाली छोटी पाटी लावायचा त्यांचा विचार होता.

"नाव मी बघतो डॉक्टर," अजित म्हणाला. "जपानी नावं काय, नेटवर ढीगभर मिळतात."

डॉक्टरांना खालपर्यंत सोडून तो जिने चढून वर आला तो खुशीतच. आजोबांचं नाव होणार आता, म्हणाला. हात धुतले, जेवायला बसला. आईने नेहमीसारखं वाढावं म्हणून त्याने ताट पुढे केलं.

मीराबाईंनी भाताचं पातेलं त्याच्या बाजूला सरकवलं.

"तू घे तुझं," त्या म्हणाल्या, आणि गॅलरीत जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.