पायाखालचा ॲम्प

"मावशी, हा ॲम्पचा स्पीकर कशाला? तुमच्या बास गिटारची वायर मी थेट रेकॉर्डिंग मशिनमध्ये घेतोय. हेडफोनमध्ये सगळं ऐकू येईल तुम्हाला."

"घे की थेट. पण ॲम्प चालू ठेव, आणि ड्रमचं रेकॉर्डिंगही त्यातूनच सोड."

मावशींनी चपला काढल्या, हेडफोन चढवले, एक पाय ॲम्पच्या खोक्यावर ठेवला आणि वाजवायला लागल्या. एक ठोका जोरात नाही की एक हळू नाही. आवाज एका पातळीत आणणाऱ्या माझ्या कॉम्प्रेसरला कामच उरलं नाही!

ॲम्पमुळे मात्र खिडकीची काच नुसती खडखडत होती. रेकॉर्डिंगला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून मी मागून हळूच त्याचं बटण बंद केलं.

त्याच ठोक्याला मावशींचा हात थांबला. त्या वळल्या. "चालू कर."

"पण हेडफोनमध्ये सगळं येतंय ना?"

माझ्या ओठांवरची नजर न हलवता त्यांनी हेडफोनच्या वायरचं टोक वर धरलं. पिन कुठेच लावलेली नव्हती.

"हे लोकांना दाखवायला. कान जाऊन सहा वर्षं झाली." पाय पुन्हा खोक्यावर गेला. "चल, पहिल्यापासून. आणि तुझा ड्रमवाला दुसऱ्या कडव्यात तालाच्या पुढे पळतोय. तुला ऐकू आलं नाही?"