दर पंधरा मिनिटांनी

“आबा, ठेवा हो तो झाडू,” तेजश्री शेवटी वैतागून म्हणाली. “अंगण तिसऱ्यांदा झाडताय तुम्ही.”

“कचरा पडतोयच की,” ज्योतिबा म्हणाले आणि चौथ्यांदा सुरू झाले.

तेजश्रीने वहीत लिहिलं : सव्वाआठ, सासरे, झाडणे.

घरातलं काम कोण करतं, ते पीएचडीसाठी दर पंधरा मिनिटांनी टिपायचं. मध्ये बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. त्यासाठी दीड वर्षाची लेक आजीच्या कडेवर रडती ठेवून ती रोज दौंडहून स्कूटीवर न्हावऱ्याला यायची आणि या ओसरीवर खुर्ची टाकून बसायची. आज अकरावा दिवस. अकरा दिवस या घरचे ज्योतिबा झाडत होते, त्यांचा मुलगा मल्हार भाकरी करपवत होता, त्याची आई अनसाबाई धुणं बडवत होती, आणि सून रंभा सहा महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन निवांत बसली होती.

असं घर अख्ख्या तालुक्यात नसेल.

“मावशी, मी इथे नाहीच असं समजा. रोजच्यासारखं वागा.”

“आवं, आमचं रोज आसंच आसतं,” अनसाबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून हळूच, “साबण कुठं ठिवतीस गं?”

रंभाने बोट दाखवलं. “बोलू नका आत्या. मॅडम लिहित्यात.”

तेजश्रीने कपाळाला हात लावला.

“लोक आठ दिवसांत निरीक्षकाला विसरतात,” तिचे पुण्याचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले. “तुम्हालाच बसता येत नाही. महिनाअखेर खरी नोंद द्या, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढून टाका.”

दोन वर्षांची मेहनत! मग ती चक्क खोटं बोलली. काम संपलं म्हणाली, अनसाबाईंच्या पाया पडली आणि निघाली.

पाचव्या दिवशी, न कळवता, स्कूटी कॅनॉलला लावून ती उसातून चालत आली. कांद्याच्या चाळीआडून तिने पाहिलं.

ज्योतिबा झाडत होते. मल्हार चुलीपुढे खोकत होता. अनसाबाई भांडी घासत होत्या.

तेजश्रीच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे सगळं खरं होतं तर! सरांना काय ऐकवायचं, ते तिने मनात जुळवलंसुद्धा. ती हसतच अंगणात शिरली.

अनसाबाई राखेच्या हातांनी लगबगीने पुढे आल्या. “बरं झालं आलात. पर हळू बोला.”

ओसरीवर लेकरू झोपलं होतं. शेजारी खुर्चीत रंभा, हातात नवीकोरी वही. तिने घड्याळ पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं. मान वर केली आणि तेजश्रीला बघून तिचं पेन तिथंच थांबलं.

“‘मॅडमनी आता मलाच नेमलंय, वही पुण्याला जाती,’ म्हणती रंभा,” अनसाबाई कुजबुजल्या. “खरं हाय का वो? आन् किती दिस चालायचं हे?”

तेजश्रीने रंभाकडे पाहिलं, मग झोपलेल्या लेकराकडे.

“हा शाळेत जाईपर्यंत,” ती म्हणाली.