चुन्याचं रिंगण

"मॅडम, रिंगणात माणूस आहे. मला ड्रोन खाली आणता येत नाही," विजयकुमार फोनवर म्हणाला. तो तिकडे कळमनुरीत स्क्रीनसमोर बसला होता आणि त्याचा ड्रोन इकडे शाळेच्या मैदानावर, पंधरा-वीस हात उंच, घोंघावत थांबला होता.

अनुश्रीने फोन कानाशी घट्ट दाबला. ती गावच्या उपकेंद्राची नर्स. ओढ्याच्या पुलावरून सकाळपासून कमरेइतकं पाणी चाललं होतं, जीप पलीकडे जाईना. आणि शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर पुजा पडलेली होती. सोयाबीन निंदताना तिला नाग चावला, त्याला दीड तास होत आला होता. मघापर्यंत ती विचारलं की नाव सांगत होती. आता पापण्या उचलत नव्हत्या आणि जीभही जड झाली होती. विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या ड्रोनखालच्या डब्यात होत्या. या गावात औषध आभाळातून यायची ही पहिलीच वेळ.

रिंगणातला माणूस म्हणजे पुजाची सासू, मनकर्णाबाई.

चुन्याची रेघ अनुश्रीनेच मारली होती आणि आत कुणी पाय ठेवायचा नाही हे चारदा बजावलं होतं. गाव शहाण्यासारखं रेघेबाहेर उभंही राहिलं. पण या गावात मळणीयंत्र आलं, संतरामची तिसऱ्या हाताची मोटारसायकल आली, तरी ओवाळल्याशिवाय कुणी आत घेतली नव्हती. आणि हे तर सुनेच्या जिवासाठी आलेलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत मनकर्णाबाई ताट घेऊन रिंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पंख्यांच्या वाऱ्याने निरांजन विझलं, आणि घोडं तिथेच अडलं. त्यांनी ताट जमिनीवर ठेवलं, पदराचा आडोसा केला, काडी ओढली. ती विझली. त्यांनी दुसरी ओढली.

"किती वेळ थांबेल तो?" अनुश्रीने विचारलं.

"दोन मिनिटं. मग बॅटरी परतीपुरतीच उरते. तो आपोआप माघारी फिरतो, मला अडवता येत नाही."

"आणि परत पाठवायचा म्हटलं तर?"

"पाऊण तास, मॅडम."

पुजाकडे पाऊण तास नव्हता. अनुश्री जीव तोडून ओरडली, पण त्या घरघरीत तिचं तिलाच ऐकू गेलं नाही. ती पळत रेघेपर्यंत गेली, क्षणभर थबकली आणि आत शिरली.

"आता दोघं दिसतात," फोनमधून विजयकुमारचा आवाज आला.

"मावशी, बाहेर चला."

"येऊन राहिले ना. एवढं लावते." मनकर्णाबाईंनी तिसरी काडी काढली. "पुजाला लग्न करून आणली, तव्हाबी उंबऱ्यात दिवा इझला होता, सिस्टर. मी तसंच घेतलं तिला घरात. त्याचंच हे भोगून राहिलं लेकरू. आज तसं न्हाई करायची."

अनुश्रीला राग आला. ताट लाथेने उडवावं, म्हातारीला दंडाला धरून फरफटत न्यावं, इतका राग आला. हिच्याइतकी माया पुजावर गावात कुणाची नव्हती, आणि हीच तिला मारायला निघाली होती.

"एक मिनिट," विजयकुमार म्हणाला.

अनुश्री खाली बसली. तिने मनकर्णाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"इझल्या दिव्यानं घेतली ना घरात? मग सून कशी निघाली?"

मनकर्णाबाईंनी मान वर केली. पाच वर्षांत त्या दिव्याचा विचार त्यांनी रोज केला असेल, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"लेकीवानी," त्या म्हणाल्या.

"मग ह्यालाबी तसंच घ्या."

मनकर्णाबाईंनी काडीपेटी टाकली. लुगड्याचा घोळ एका हातात धरून त्या अशा पळाल्या की अनुश्री मागे राहिली. रेघ ओलांडताच त्या गुडघ्यावर पडल्या. पाठोपाठ ताट उचलून अनुश्रीही बाहेर आली, तसा ड्रोन खाली उतरला, त्याने डबा सोडला आणि तो लगेच वर उठून निघून गेला.

पुढचा तासभर फोनवर डॉक्टर सांगत होते तसं अनुश्री करत होती. सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते. मनकर्णाबाई पुजाचे तळवे चोळत होत्या. एकदाच त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यानं उशीर झाला का?"

"न्हाई," अनुश्री म्हणाली. किती वेळ गेला ते फोनमध्ये बघायचं तिने टाळलं.

चारच्या सुमारास पुजाची डावी पापणी अर्धी वर गेली. तिने आधी छताकडे बघितलं, मग सासूकडे. डॉक्टर म्हणाले, लक्षण चांगलं आहे, पण धोका टळलेला नाही, आणखी दहा बाटल्या पाठवतो.

ड्रोन दुसऱ्यांदा आला तेव्हा रिंगणात चिटपाखरू नव्हतं. मनकर्णाबाई रेघेबाहेर, रिंगणाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभ्या होत्या आणि पुढे सरकणाऱ्यांना छातीने मागे रेटत होत्या. शेजारच्या गंगूताई पेटतं निरांजन हाताने झाकत गर्दीतून आल्या.

"मनकर्णा, मघाशी राहिलं तेवढं ओवाळून घे की."

"पाव्हण्याला ओवाळतेत, गंगूताई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घरच्याला वाट सोडायची. सरका मागं."