वाक्यात उपयोग

भिंतीतली भेग. घुशीचं बीळ. अर्जातली रिकामी जागा.

“हे सारं ‘फिल इन’ करता येते,” सोमाजी मास्तर म्हणाले. गोरे साहेब देश सोडून गेले, तरी लाकूड डेपोतल्या नोकरीला इंग्रजी लागायचीच; म्हणून बहीण रुखमाचा नवरा लटारू त्यांच्याकडे शिकायला येई.

“आता वाक्य करा, भाऊजी.”

“आय फिल्ड इन द वेल.”

“वा, साहेबच झाले तुमी! खरंच बुजवली का विहीर?”

“हो. परसातली. परवाच.”

“भर उन्हाळ्यात? काऊन जी?”

“वास मारत होती.”

मास्तरांचं हसू ओसरलं. “आमची रुखमा कुठी हाय?”

लटारूनं पाटी पुसायला घेतली. “धानोऱ्याले. मोहफुलं वेचून राह्यली.”

त्या साली धानोऱ्याच्या रानात मोह फुललाच नव्हता.