नियम पहिला

आजोबांनी पंधरावी पट्टी कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, काळं इलॅस्टिक ओवून गाठ मारली आणि ती स्वतःच्याच उजव्या डोळ्यावर चढवून पाहिली. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेल्या हाताला रेक्झिन सरळ कापता येतंच. पण आतून फ्लॅनेलचं अस्तर लावायचं त्यांना आपणहून सुचलं होतं. डोळ्याला टोचायला नको.

"बाबा, पोरं अर्धा तास घालणार आणि भिरकावून देणार," फुग्याला गाठ मारत सून म्हणाली. "अस्तर कशाला?"

"असू दे गं."

कशाला, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. महिन्यापूर्वी नात शाळेतून आली ती हसतच. वर्गात एक नवी मुलगी आली होती, तिच्या डोळ्याला डॉक्टरांनी पट्टी लावली होती, आणि सगळा वर्ग तिला 'समुद्री चाचा' म्हणत होता. ऐकून आजोबाही हसले. फार नाही, पण हसले. ते हसू नंतर त्यांना कुठेतरी सलत राहिलं. म्हणून नातीच्या वाढदिवसाला चाच्यांचा खजिना शोधायचा खेळ ठेवू या, असं त्यांनीच काढलं. सगळ्यांच्याच डोळ्यावर पट्टी असली, की कोण कुणाला हसणार? ही युक्ती त्यांना इतकी आवडली होती, की त्या मुलीच्या आईला ती कशी सांगावी, म्हणजे बढाई वाटणार नाही, याची वाक्यंसुद्धा त्यांनी मनात जुळवून ठेवली होती.

नकाशा चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून तयार होता. चिठ्ठ्या बुटांच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे, घड्याळाखाली. खजिन्याची पेटी कपडे धुण्याच्या मशीनमध्ये. आणि दारासमोरच्या पुठ्ठ्यावर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'नियम पहिला. जहाजावर एकाच डोळ्याने पाहायचे. दोन्ही डोळे उघडे दिसले, तर थेट समुद्रात!'

बेल वाजली. अजून अर्धा तास होता. आजोबा पट्टीसकट उठले आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेतला.

"कप्तान, सांभाळून!" सून हसली.

दारात पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी आणि तिची आई उभ्या होत्या. मुलीचे दोन्ही डोळे उघडे होते. डाव्या डोळ्याभोवती मात्र चिकटपट्टीचा चौकोनी, फिकट वण होता. त्यावरून आजोबांनी तिला ओळखलं.

मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हालापण डॉक्टरांनी लावली?"

आजोबांचा हात पट्टीकडे गेला.

"किती तास?" तिने आपुलकीने विचारलं. "मला रोज सहा. पण आज सुट्टी आहे."

"लवकर आलो, काका," आई म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "घरी थांबेचना. आज पट्टी नको म्हणून चार दिवस नुसती भुणभुण. शेवटी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, एक दिवस चालेल. या शाळेत कुणी हिला पट्टीशिवाय पाहिलेलंच नाही हो. म्हणते, एकदा तरी त्यांना माझे दोन्ही डोळे दिसू देत."

आजोबांनी डोळ्यावरची पट्टी ओढून काढली आणि खिशात कोंबली. जुळवून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "या, आत या," एवढं म्हणून ते टेबलाकडे वळले आणि उरलेल्या पट्ट्या भराभरा डब्यात भरू लागले.

"आजोबा, काय करतोस?" कागदी टोपी आणि डोळ्यावर पट्टी घालून नात आतून धावत आली.

"पट्ट्या राहू देत. इलॅस्टिक घट्ट झालंय."

"कुठे घट्ट? मला तर ढगळ होतेय." तिने डब्यात हात घालून एक पट्टी उचलली. "आणि नियम कुणी लिहिला? तूच ना?"

"खेळ आहे तो. बदलू."

"मध्येच नियम बदलणं म्हणजे लबाडी. पत्ते खेळताना तूच म्हणतोस."

मुलगी पुठ्ठ्यासमोर उभी होती. अक्षरांखाली बोट फिरवत ती मोठ्याने वाचत होती. "दोन्ही डोळे... उघडे दिसले... तर थेट समुद्रात." तिच्या आईने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या डब्याकडे, मग आजोबांकडे. मुलीच्या केसांतली पिन तिने उगीचच काढली आणि पुन्हा लावली.

"हिला नको," आजोबा म्हणाले. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. फुगे बांधणारी सूनही थांबली. "हिला सूट."

"हिलाच का?" नातीने विचारलं.

मुलीचे कान लाल झाले. आजोबा डब्याचं झाकण धरून उभे राहिले. ते त्यांच्याने लागेना.

मग मुलीनेच पुढे होऊन नातीच्या हातातली पट्टी घेतली. उलटी करून आतल्या अस्तरावरून अंगठा फिरवला.

"मऊ आहे," तिने आईला सांगितलं.

ती आजोबांसमोर आली. पट्टी त्यांच्या हातात दिली. रोजच्या सवयीने दोन्ही हातांनी केस कानामागे घेतले, हनुवटी वर केली आणि अजिबात न हलता उभी राहिली.

"कुठला झाकायचा?" तिने विचारलं.