साडेचार महिने

काउंटरवरच्या मुलीने दोन्ही पासपोर्ट उघडले. काकूंचा बाजूला ठेवला, काकांचा पुन्हा एकदा पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, की काकांना या विमानाने जाता येणार नाही. त्यांच्या पासपोर्टची मुदत साडेचार महिनेच उरलीय. त्या देशात उतरलेल्या दिवसापासून निदान सहा महिने लागतात.

काका सदतीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होते. एका चुकलेल्या तारखेवरून भल्याभल्यांचे अर्ज त्यांनी परत पाठवले होते. मुदत संपलेली नाही म्हणजे पासपोर्ट चालू आहे, हे त्यांनी मुलीला तीन तऱ्हांनी समजावलं. व्हिसा दाखवला, परतीचं तिकीट दाखवलं. मुलीने तिच्या साहेबांना बोलावलं. त्यांनीही तेच सांगितलं. वर हेही सांगितलं, की इथून सोडलं तरी तिकडून आल्या पावली परत धाडतील.

काकूंच्या पासपोर्टला अजून सहा वर्षं होती.

काकांनी ट्रॉली वळवली. आता घरी जायचं, नवा पासपोर्ट काढायचा आणि मग दोघांनी मिळून निघायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. काकू एकट्या कधी शेजारच्या गावालाही गेल्या नव्हत्या.

काकूंनी ट्रॉलीचा दांडा धरला.

"लेकीचं ऑपरेशन परवा आहे. शुद्धीवर आली की उशाशी माणूस लागेल तिला. तुम्ही पासपोर्टचं बघा, मी पुढे होते."

"अगं, मधे विमान बदलायचंय."

"तोंड आहे ना मला. विचारीन."

काकांनी पेन काढलं आणि तिकिटाच्या पाकिटावर लिहायला घेतलं: कुठे उतरायचं, कुठला फॉर्म भरायचा, जावयाचा नंबर. दोन्ही बाजू भरल्या तरी पेन थांबेना, तेव्हा काकूंनी पाकीट अलगद ओढून घेतलं. काकांच्या बॅगेतली लेकीची मऊ गोधडी त्यांनी आपल्या बॅगेत कोंबली, चेन गुडघ्याने दाबून लावली आणि बॅग स्वतःच काट्यावर चढवली.

पुढच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला. तिकिटावर दोन नावं पाहून त्याने विचारलं, सोबत कोण आहे?

"मिस्टर आहेत," काकू म्हणाल्या. "ते मागून येताहेत."